पेन्सिलीचा घुमट

भिवंडी
१२ डिसेंबर १९८७

ती. भाऊ,

नमस्कार. या वेळी साष्टांग घालत नाही. तू हे पत्र पुरतं वाचशील की नाही याचीच खात्री नाही, उगाच लोटांगण वाया जायचं.

तुझ्या सौराष्ट्रातल्या चौदा नंबरच्या लाइनचे सेक्शन, जमिनीच्या पोटाचे ते उभे छेद, आज आमच्या ठाण्याच्या केंद्रातून विहिरी मंजूर करणाऱ्या समितीकडे गेले. एक नाही, तीन गेले. तुला ते भर बैठकीत कळण्याआधी तुझ्या बहिणीकडून कळावं म्हणून लिहिते आहे. ट्रंककॉल करणार होते, पण राजकोट लागेपर्यंत माझा धीर टिकला नसता आणि मी "थंडी कशी आहे" विचारून फोन ठेवला असता.

तुला यातलं सगळं माहीत आहे, तरी क्रमानं सांगते, कारण मी काय केलं आणि का केलं ते मला नीट लिहून काढायचं आहे. तुम्ही तिकडे जमिनीत सुरुंग उडवलेत, खालून प्रतिध्वनी आले, ते टेपांवर उतरले आणि टेपा माझ्याकडे आल्या. सोबत नेहमीप्रमाणे तुझं ट्रेसिंग होतं. बाकीचे भूवैज्ञानिक "इथे काहीतरी असावं" एवढं चिठ्ठीत लिहितात. तू पेन्सिलीनं थर काढतोस, मधोमध तेल साठेल असा घुमट काढतोस, त्याला छाया देतोस. आमच्याकडे ते भिंतीला टाचून ठेवतात.

सौराष्ट्रात वर काळ्या दगडाचा जाड थर. त्याच्या खालून येणारं उत्तर इतकं अशक्त असतं की एकेक ट्रेस, प्रतिध्वनीची एकेक नागमोडी रेघ, सुटी पाहिली तर नुसती खरखर दिसते. म्हणून ते शेजारी शेजारी मांडायचे आणि थोडे वर, थोडे खाली सरकवून एकमेकांशी जुळवायचे. कशाच्या अंगानं जुळवायचे हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं. तेवढ्यासाठी एक मार्गरेषा द्यायची. मी ती तुझ्या ट्रेसिंगवरून दिली. घुमट असा काही सुरेख आला की साहेबांनी सगळ्या विभागाला चहा पाजला.

चहा पिऊन झाल्यावर मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी तुझं ट्रेसिंग उलटं धरलं. घुमटाच्या जागी वाटी झाली. टेपा त्याच, बाकी सगळं तेच, मार्गरेषा तेवढी वाटीची दिली. कागद बाहेर आला तर त्यावर वाटी. तुझ्या घुमटाइतकीच गोल आणि तितकीच ठसठशीत. मग सरळ रेषा देऊन पाहिली, तर सगळे थर सुतासारखे सरळ.

तिथे घुमट नाही असं मी म्हणत नाही, भाऊ. असेलही. पण या टेपांना तो ठाऊक नाही. आपण जे तोंडात घालू तेच त्या बोलतात. अशा कागदावर विश्वासून कुणी तेलाची विहीर खणायला घेतली तर तिच्यावर तुझं नाव असणार, माझं नाही. मला भीती त्याची आहे.

हे सगळं मी मागच्या महिन्यात तुला कळवलं होतं. त्यावर तुझं उत्तर आलं, "पहिला पाठव. बाकीचे फाड." तेही पोस्टकार्डावर, म्हणजे आता आपल्या पोस्टमनलाही माहीत आहे. मी फाडले नाहीत. तिन्ही पाठवले.

तू चिडशील. चिड, पण पत्रातून चिड. आई गेल्यापासून या घरात टपालाखेरीज माझ्याशी कुणी भांडत नाही. खाली अन्सारीचाचांचे लूम रात्रंदिवस चालू असतात, फळीवरची भांडी थरथरत असतात, आणि तरी घर गप्प वाटतं. तुझ्या रागाच्या पत्राची वाट पाहते.

तुझी
सुचेता


भिवंडी
भाऊबीज, १९८८

ती. भाऊ,

तुझं पत्र आलं नाही. रागाचंसुद्धा नाही. वर्ष होत आलं.

बैठकीत काय झालं ते मला आमच्या रघूकडून कळलं. रघू म्हणजे नागपूरहून बदलून आलेला, माझ्या शेजारच्या टेबलावरचा. कागदपत्रं घेऊन तो त्या दिवशी तिथे होता. तुझा घुमट आणि माझी वाटी शेजारी शेजारी लावल्यावर कुणीतरी म्हणालं, "बोला शरच्चंद्र, घुमट देऊ का वाटी देऊ?" आणि सगळे हसले. हॉटेलातल्या पोऱ्यासारखं विचारलं म्हणे. तू उभा राहिलास आणि म्हणालास, विहीर माझ्या जबाबदारीवर खणा. त्यानंतर कुणी हसलं नाही आणि विहीर मंजूर झाली.

मी तुझं हसं करायला ते कागद पाठवले नव्हते. वाटी पाहून कुणाला विनोद सुचेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, तिन्ही पाहिल्यावर माणसं गप्प होतील, आणखी टेपा घ्या म्हणतील, दोन वर्षं थांबा म्हणतील. तू जिंकलास, विहीर मिळवलीस, तर निदान तेवढं तरी कळवायचंस. जिंकलेल्या माणसानं अबोला धरायचा म्हणजे अति झालं.

आज सकाळी ठकी भांडी घासायला आली. ही शेलार गावाहून येते, आई असतानाच लागली होती, तुला आठवत असेल. तिनं पदर खोचतानाच विचारलं, "बाय, तुमचा भाव न्हाय आला?"

म्हटलं, "नाही. लांब आहे. कामात आहे."

"काय काम करतं?"

"जमिनीच्या पोटात काय आहे ते शोधतो."

"आन् तुमी?"

"मीही तेच."

तिनं पातेल्याला राख चोळली. मग म्हणाली, "दोगंबी येकच शोदता, मंग येकमेकाला भेटत कसं न्हाय?" आणि स्वतःच हसली. भांडी पालथी घालून ती भावाकडे वळ गावाला निघून गेली. नवं लुगडं नेसून आली होती, राख लागू नये म्हणून सारखी सावरत होती.

संध्याकाळी मी पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं आणि गॅलरीत जाऊन चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. चंद्र म्हणजे एवढीशी कोर, लूमच्या पत्र्यामागे बुडायच्या बेतात होती, घाई करावी लागली. आईनं तुझं नावच असं ठेवलंय की माझी सोय झाली म्हणायची. हे मी हसत लिहिते आहे असं तुला वाटावं अशी इच्छा आहे, पण मी हसत नाही.

मला एकटं वाटतं, भाऊ. लिहून टाकलं एकदाचं.

सुचेता


भिवंडी
१९ जून १९९०

ती. भाऊ,

काल बातमी आली. विहीर कोरडी.

काळा दगड तुझ्या अंदाजाच्या कितीतरी पुढे खोल गेला, आणि त्याच्या खाली जे लागलं ते सपाट, निर्जीव. घुमट नाही, वाटीही नाही. साहेबांनी माझ्या टेबलापाशी येऊन सगळ्यांदेखत म्हटलं, "सुचेताबाई, तुम्ही सांगितलं होतं." कुणीतरी पेढे आणले होते, दुसऱ्याच कशाचे तरी, पण त्यांनी ते माझ्या नावानं वाटले. मी एक उचलला आणि कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. घरी येऊन पाहिलं तर त्याचा चुरा झाला होता.

मला बरं वाटलं नाही हे तुला सांगायला पत्र लिहिते आहे. विश्वास ठेवायचा तर ठेव. या अडीच वर्षांत एक दिवस असा नाही की मी मनात म्हटलं नाही, निघू दे घुमट, माझं थोबाड फुटू दे. मी चुकले असते तर तू आला असतास. येऊन नाक वर करून बसला असतास, दोन दिवस टोमणे मारले असतेस आणि तिसऱ्या दिवशी माझ्या हातचं बिरडं मागितलं असतंस. मला ते पाहिजे होतं. त्याऐवजी माझं बरोबर निघालं, आणि आता ते घेऊन मी काय करू?

आज कामावर गेले नाही. पडून राहिले. दुपारी अन्सारीचाचांनी जिन्यातून हाक मारली, "बेटी, तबीयत ठीक है? आज नौ बजे की बस नहीं पकड़ी." माझ्या येण्याजाण्याची नोंद खालच्या लूमवाल्याला आहे, हे ऐकून मला एकदम रडू आलं. म्हटलं, "ठीक हूँ चाचा, थोडा बुखार है." त्यांनी पाव आणि दूध वर पाठवलं.

पडल्या पडल्या गणेशपुरीची आठवण येत होती. शाळेत होते, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो होतो, आणि तू म्हणालास, "सुचे, हे पाणी खाली कुठेतरी तापतंय, आणि आपण त्याच्या वर बसलोय." मी घाबरून पाय बाहेर काढले. तू ओल्या फरशीवर बोटानं चित्र काढलंस, हा दगड, ही भेग, इथून पाणी खाली जातं, इथून वर येतं. वाळायच्या आत पाठ करून घे म्हणालास. मी या धंद्यात आले ती त्या चित्रापायी. न दिसणारं असं हातानं काढून दाखवता येतं, आणि काढलेलं किती खरं वाटतं, हे मी तुझ्याकडून शिकले. काढलेलं खरं असेलच असं नाही, हे मात्र तू मला कधी सांगितलं नाहीस, ते मला माझं शोधावं लागलं.

तुझी कच्छला बदली झाल्याचं ऐकलं. तुला शिक्षा म्हणून पाठवलं असं लोक म्हणतात. मी त्यांना म्हटलं, भाऊला वाळवंट आवडतं. आवडतं ना? मला खरंच माहीत नाही.

पत्ता ऑफिसातून मिळवला आहे. मी लिहीत राहणार.

सुचेता


भिवंडी
२ नोव्हेंबर १९९१

ती. भाऊ,

आज सकाळी केंद्रात कच्छहून टेपांचा खोका आला. वर तुझं अक्षर. "सुचेताकडेच द्यावे" हे शब्द लाल शाईनं. रघूनं खोका माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि चहा प्यायला निघून गेला. शहाणा माणूस आहे.

ट्रेसिंग शोधलं. नव्हतं. खोका उलटा करून झटकला, तेव्हा तळाची चिठ्ठी पडली. "या वेळी काही काढून पाठवलेलं नाही. कुठे काय असेल याचा अंदाजही सांगणार नाही. तू पाहा. घुमट मिळाला तर सेक्शन न्यायला मी स्वतः भिवंडीला येईन. श."

चार वर्षांत तुझा हा पहिला मजकूर. मी तो इतक्या वेळा वाचला की रघूनं विचारलं, चिठ्ठी सांकेतिक भाषेत आहे का. तू ट्रेसिंग पाठवलं नाहीस यात माझ्यासाठी काय आहे ते मला कळलं, भाऊ. तुझ्यासारख्या माणसाला पेन्सिल खाली ठेवायला काय लागतं ते मला ठाऊक आहे.

पण शेवटचं वाक्य तू लिहायला नको होतंस. घुमट मिळाला तर येईन. नाही मिळाला तर?

ठकीला सांगून माळ्यावरची तुझी गादी काढून उन्हात टाकली. ती म्हणाली, "येनार हाय का?" म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "बघू म्हंजे येनार," आणि गादीला अशी बडवली की खाली चाचांच्या माणसांनी वर पाहिलं.

काम उद्यापासून सुरू करते.

सुचेता


भिवंडी
२१ डिसेंबर १९९१

ती. भाऊ,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं आहे. त्यातलं पहिलं आनंदाचं होतं.

काम तुला हवं तसं केलं. मार्गरेषा बाहेरून दिली नाही, टेपांतूनच निघेल तशी घेतली. नवी यंत्रं आली आहेत, पूर्वीसारखं कागदासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागत नाही, पडद्यावर लगेच दिसतं. लाइनच्या मधोमध, जरा पश्चिमेला, थर किंचित उचलल्यासारखे वाटले. मी तिथे ध्वनीचा दगडातला गृहीत वेग थोडा बदलून पाहिला. आणखी उचलले. जुळवणी जरा घट्ट केली. घुमट आला. तुझ्या सौराष्ट्रातल्या घुमटापेक्षा लहान, पण नाकी डोळी नीटस. मी खुर्चीत मागे टेकले आणि मनात पहिला विचार आला तो असा, की तुझ्यासाठी बिरड्याचे वाल भिजत घालायला हवेत.

भाऊ, तो विचार मनात आला आणि मी पुढचं बटण दाबायची थांबले. तू ट्रेसिंग पाठवलं नव्हतंस, पण ते मी माझ्या मनात काढून ठेवलंच होतं. पेन्सिल माझी होती. प्रत्येक वेळी वेग निवडताना मी तो निवडत होते ज्यानं तू घरी येशील. एकेक निवड पाहिली तर चूक म्हणता येणार नाही, कुणीही तशी केली असती. सगळ्या मिळून मात्र माझ्या मनाजोगतं चित्र झालं.

मग जे करायला हवं ते केलं. टेपांवरचे ट्रेस एकाआड एक निवडून दोन गठ्ठे केले आणि दोन्हींचे वेगवेगळे सेक्शन काढले. जमिनीत खरं काही असेल तर ते दोन्हींत एकाच जागी दिसायला हवं. एकात उंचवटा पश्चिमेला आला, दुसऱ्यात तिथे काहीच नाही, पूर्वेला भलतंच काहीतरी. रघूला काही न सांगता टेपा दिल्या. त्याचे थर सपाट आले. त्यानं विचारलं, "काही असायला हवं होतं का?" म्हटलं, नाही.

तो घुमटाचा कागद अजून माझ्याकडे आहे. तो पाठवला असता तर तू आला असतास. एकदा विहीर कोरडी गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कुणी विचारलं नसतं, पण मी सही केली असती तर विचारलं असतं, कारण गेल्या वेळी माझं बरोबर निघालं होतं. म्हणजे माझ्या शब्दावर तुला आणखी एक विहीर मिळाली असती, आणि तीही कोरडी जाताना मला पाहावी लागली असती. तुझा राग झेलत मी चार वर्षं काढली. पण तू माझ्यामुळे दुसऱ्यांदा त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहिलास तर मला स्वतःचं तोंड बघवणार नाही.

म्हणून सरळ लिहिते. तिथे काही नाही. सपाट थरांचा सेक्शन आणि दोन्ही गठ्ठ्यांचे कागद आजच रजिस्टरनं पाठवले आहेत, माझ्या सहीचे.

न्यायला यावं असं माझ्याकडे काही उरलेलं नाही. तरी तू ये.

सुचेता


सोमवार सकाळ

भाऊ,

तू गाढ झोपला आहेस म्हणून उठवलं नाही. झोपेत तू किती म्हातारा दिसतोस याची मला कल्पना नव्हती. केस तर सगळे गेलेच.

काल आल्यापासून आपण बसच्या गर्दीवर बोललो, वालावर बोललो, ठकीच्या नवऱ्याच्या मोडलेल्या पायावर बोललो. सेक्शनचं तू काढलं नाहीस आणि मीही काढलं नाही. मला वाटलं होतं तू भांडशील. तू दुसऱ्यांदा भात मागितलास.

चहा किटलीत आहे, गरम करून घे. पोळ्या डब्यात आहेत. ठकी दहाला येईल, ती तुला बघून खूप बोलेल, ऐकून घे. खालचा आवाज त्रास देईल, गॅलरीचं दार लावलंस तर कमी होतो. चाचा वर येऊन तुझी चौकशी करतील. तू माझा भाऊ आहेस एवढं सांग, बाकी त्यांना माहीत आहे.

तुझी बॅग तू अजून उघडली नाहीस हे मी पाहिलं. जायचं आजचं ठरवून आला असशील तर किल्ली

नाही, किल्लीचं काही लिहीत नाही. मी संध्याकाळी येते. तोवर निघू नकोस.

सुचे